गाजरगवत उपटलं, पण त्या जागी काय ठेवलं? ई-क्लास, धुरे आणि पांदणीसाठी क्रमवार रीत

पाऊस लागला की गावोगाव गाजरगवत उपटायच्या मोहिमा निघतात. १६ ते २२ ऑगस्टला देशभर गाजरगवत जागृती सप्ताह असतो. ढीग लागतात, फोटो निघतात, आणि पुढच्या जूनला त्याच जागी तेच तण उभं राहतं, कधीकधी आधीपेक्षा दाट. मेहनत कमी पडत नाही, क्रम चुकतो. उपटणं हे पाचव्या नंबरचं काम आहे आणि आपण ते पहिलं करतो.

मीही हेच केलं होतं. आमच्या ई-क्लासचा (गावाच्या चराईच्या सरकारी जमिनीचा) एक एकर जेसीबी लावून एका दिवसात साफ केला. रायमुनियाच्या बुंध्यांसोबत वरची चार बोटं मातीही कडेला ढकलली गेली, खालची बरड उघडी पडली. दुसऱ्या वर्षी तिथे कमरेएवढं गाजरगवत. शेळ्या घेऊन जाणाऱ्या एका आजीनं थांबून विचारलं, "काहाडलं तं काहाडलं, पन तेच्या जागी काय ठेवलं बाप्पा?" मला उत्तर देता आलं नाही.

खालची रीत तीन तणांसाठी आहे: गाजरगवत, रायमुनिया (म्हणजे घाणेरी) आणि रानतुळस. तिन्ही मूळची उष्ण अमेरिकेतली. उभ्या पिकातल्या तणासाठी ही रीत नाही, तिथे निंदण आणि डवरणीच.

## आधी मातीत काय चाललंय ते समजून घ्या

गावरान गवताच्या मुळांना सुताहून बारीक बुरशीचे तंतू चिकटलेले असतात. मूळ जिथे पोचत नाही तिथून ते स्फुरद आणि पाणी आणून देतात, बदल्यात गवताकडून साखर घेतात. पवन्या, मारवेल यांसारख्या बहुवर्षी गवतांचं या बुरशीवाचून अडतं. एका हंगामात उगवून बी टाकून जाणाऱ्या तणाचं सहसा तेवढं अडत नाही. नांगर, जेसीबी, आग आणि स्फुरदाची जादा मात्रा यांनी हे नातं तुटतं. म्हणजे जमीन "साफ" करताना आपण गवताचा आधार काढून घेतो आणि तणाला मैदान मोकळं करून देतो.

दुसरी बाजू शत्रूंची. एखादं झाड वर्षानुवर्षं एका जागी राहिलं की त्याच्या मुळांवर जगणारे रोगजंतू आणि सूत्रकृमी तिथे वाढत जातात. बाहेरून आलेल्या झाडाला आपल्या मातीत असे ओळखीचे शत्रू कमी भेटतात. त्यात गाजरगवताच्या पानामुळांतून पार्थेनिन आणि इतर द्रव्यं झिरपतात. शेजारच्या बियांची उगवण त्यांनी मंदावते, शेंगवर्गीयांच्या गाठीतल्या जिवाणूंनाही ती त्रास देतात.

आणि गुरं. ती गाजरगवत आणि रायमुनिया सोडून नेमकं चांगलं गवत खातात. त्यामुळे मोकाट चराईच्या जमिनीवर दरवर्षी निवड तणाच्या बाजूनं होत राहते.

## टप्पा १ : कागद आणि चौकट (जुलै, पहिलं वर्ष)

सातबारा काढा. जमीन ई-क्लास, गायरान, झुडपी जंगल की सामूहिक वनहक्काची, हे आधी कळायला हवं. झुडपी जंगलाला सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये वनजमीन धरलं आहे, तिथे वनविभागाला विचारल्याशिवाय विळासुद्धा चालवू नका. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेला सामूहिक हक्क मिळालेला असेल तर ठराव ग्रामसभेचा लागतो. निस्तारात (गावाच्या चराई-सरपणाच्या रूढ हक्कात) कुणाची गुरं कुठून जातात, हेही त्याच सभेत लिहून घ्या. पुढे भांडण त्यावरूनच होतं.

मग चार तुराट्या बांधून एक मीटरची चौकट करा. जमिनीवर डोळे मिटून वीस ठिकाणी टाका आणि प्रत्येक चौकटीत अंदाजे किती जागा गावरान गवताची, किती तणाची, किती उघडी, ते वहीत लिहा. त्यावरून जमिनीचे तीन भाग पाडा:

- अ : अर्ध्याहून जास्त गावरान गवत, तण तुरळक.
- ब : मिसळ.
- क : जवळपास सगळं तण किंवा उघडी बरड.

तपासणी : नकाशात "अ" भाग एकही नसेल तर धुऱ्यावर (बांधावर), देवस्थानाच्या आवारात, जुन्या कुंपणाच्या आत शोधा. गुरांचं तोंड पोचत नाही अशा कोपऱ्यात गावाचं जुनं गवत बहुधा सापडतं. पुढचं बियाणं आणि विरजण (म्हणजे जिवंत माती) तिथूनच येणार.

## टप्पा २ : मातीची परीक्षा (जुलै ते सप्टेंबर)

कृषी विज्ञान केंद्रात माती दिली तर सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, सामू कळतो. द्या. पण माती जिवंत किती, हे त्या कागदावर येत नाही. त्यासाठी घरच्या तीन परीक्षा.

कापडाची परीक्षा. आपला मुलूख कापसाचा, तेव्हा कोरं सुती कापड मिळायला अडचण नाही. मांजरपाटाचे वीतभर चौकोन कापा. त्यात पॉलिस्टर नको, नाहीतर ते जसंच्या तसं निघेल. अ, ब, क प्रत्येक भागात तीन-तीन तुकडे चार-पाच बोटं खोल आडवे पुरा आणि जागेवर खुंटी ठोका. सहा ते आठ आठवड्यांनी सब्बल न लावता हातानं उकरा. सूक्ष्मजीव कापसाचा तंतू खातात. आमच्या पवन्याखालचा तुकडा चाळणीसारखा निघाला, उचलताच हातात तुटला. जेसीबीच्या बरडीतला तुकडा पिवळा पडला होता, एवढंच. धुऊन वाळवला असता तर पुसायला चालला असता.

पाण्याची परीक्षा. तेलाचा रिकामा डबा दोन्ही बाजूंनी कापा, दोन इंच जमिनीत दाबा, एक लिटर पाणी ओता आणि घड्याळ लावा. तिन्ही भागांत एकाच दिवशी करा. काळ्या भारी जमिनीची तुलना मुरमाडाशी करू नका.

मुगाच्या गाठींची परीक्षा. अ आणि क भागातली माती वेगवेगळ्या डब्यांत भरा, तळाला भोकं पाडा, प्रत्येकात मुगाचे पाच दाणे टाका. महिन्याभरानं रोपं हळूच पाण्यात सोडवून मुळं बघा. गाठ नखानं फोडली तर आतून गुलाबी-लाल दिसायला हवी. तशी गाठ नत्र बांधते. पांढरी किंवा हिरवट गाठ कामाची नाही. क भागात गाठी नसतील तर दोन शक्यता असतात: जिवाणू कमी, किंवा नत्र जास्त. उकिरड्याजवळच्या जागी बहुधा दुसरी. ती जागा वहीत नोंदवा, कारण टप्पा ६ मध्ये तिथला उपाय वेगळा आहे.

सावधान : क भागातली माती डब्यांतून घरी आणता तेव्हा गाजरगवताचं बीही येतं. परीक्षा झाली की ती माती परसात टाकू नका, जिथली तिथे परत न्या.

## टप्पा ३ : बियाणं, ठोंब आणि विरजण (ऑक्टोबर ते डिसेंबर)

सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात. उपटायची तारीख ठरलेली असते, बी मात्र कुणाकडेच नसतं.

पवन्या, मारवेल, कुसळी यांचं बी दिवाळीच्या आसपास पिकतं. हातानं ओंबी ओढल्यावर सहज सुटली तर पिकली. एका ठोंबाचं सगळं बी ओरबाडू नका, निम्मं राहू द्या. गोळा केलेलं बी सावलीत वाळवून कापडी पिशवीत टांगा. गवताचं ताजं बी बहुधा झोपलेलं असतं, काही महिने गेल्याशिवाय नीट उगवत नाही. ऑक्टोबरचं बी जूनपर्यंत थांबलं तर फायदाच. बाजारातलं दूरच्या प्रदेशातलं बी मी घेत नाही, आपल्या तालुक्यातल्या उन्हाला टिकलेलं बी हवं.

जमिनीप्रमाणे निवड करा. मुरमाड उतारावर पवन्या, कुसळी, तिखाडी. मध्यम आणि काळ्या जमिनीवर मारवेल. पाणी थांबतं तिथे मुशान. मारवेलीचं बी उगवायला कटकट करतं, म्हणून तिचे मुळांसकट ठोंब पावसाळ्यात हातभर अंतरावर लावा. एकाच गवताचं रान करू नका. वर म्हटलेले मुळांचे शत्रू एकाच जातीच्या दाट लागवडीत लवकर साठतात, आणि ती जात खचली की रिकाम्या जागेत तण शिरतं. चार-पाच जाती मिसळल्या की कुणी वर पसरतं, कुणी खोल जातं, कुणी पहिल्या पावसाला उठतं, कुणी उशिरा. शेंगवर्गीय थोडीच टाका. नत्र वाढलं की खूश होणारा पहिला पाहुणा गाजरगवत असतं.

तरोट्याचं (टाकळ्याचं) बीही गोळा करा, पण वेगळ्या पिशवीत. तरोटा दाट उगवून गाजरगवताला सावलीत दाबतो. पहिल्या पावसातला कोवळा पाला भाजीला जातो, त्यामुळे बायामाणसं त्याच्यावर नाराज नसतात. त्याची जागा फक्त क भागात. गुरं मोठा तरोटा खात नाहीत, म्हणून अ भागात टाकाल तर गवताच्या कुरणाचं तरोट्याचं वावर होईल. त्याच्याच कुळातला परदेशी तरोटाही हल्ली रस्त्याकडेला दिसतो. शंका असेल तर जी भाजी गाव वर्षानुवर्षं खातं त्याच झाडाचं बी घ्या.

विरजण म्हणजे काय : दुधाला जसं कालचं दही लागतं तसं मेलेल्या मातीला जिवंत माती लागते. अ भागातल्या गवताच्या मुळाशी असलेली वरची वीतभर माती, बारीक मुळांसकट, हीच ती. ती आत्ता काढायची नाही. जागा फक्त हेरून ठेवा. काढायची ती जूनमध्ये, वापरायच्या दिवशी. बुरशीची पाकिटं विकत मिळतात. शेजारी फुकट माती असताना त्यांच्यावर पैसा घालवू नये असं माझं मत आहे.

## टप्पा ४ : गुरं आणि आग थांबवा (डिसेंबर ते मे)

हा टप्पा बैठकीतच होतो. सगळी जमीन एकदम बंद केली तर चार महिन्यांत कुंपण तुटतं. एक तृतीयांश बंद करा, उरलेली चालू ठेवा, आणि बंद भागातलं गवत दिवाळीनंतर विळ्यानं कापून न्यायचा हक्क गुराखी घरांनाच द्या.

मोहफुलं वेचायला मार्चमध्ये झाडाखालचा पाला जाळतात, तीच आग रानात जाते. मोहाखाली झाडू मारा किंवा जुनं लुगडं अंथरा. आगीत वरचा पालापाचोळा आणि त्यातले जीव जातात, उघडी राख राहते. रायमुनियाला मात्र बुडातून नवे फुटवे येतात.

सावधान : शेळ्यांना वेड्या बाभळीच्या शेंगा आवडतात आणि बी लेंड्यांतून शाबूत बाहेर पडतं. बंद केलेल्या भागात शेळ्या "लेंडीखतासाठी" बसवू नका. कच्चं शेणखतही नको.

## टप्पा ५ : उपटणी, चांगल्याकडून वाईटाकडे (जून-जुलै, दुसरं वर्ष)

सवय अशी की जिथे सगळ्यात जास्त तण तिथे आधी तुटून पडायचं. उलट करा. आधी अ भागातलं तुरळक तण काढा, मग अ-ब ची सीमा, मग ब. क भागाला या वर्षी फक्त फुलायच्या आत कापणं आणि तरोटा, एवढंच. सिडनीच्या ब्रॅडली भगिनींनी ऑस्ट्रेलियातल्या रानात हीच पद्धत रूढ केली: गावरान झाडं जेवढ्या वेगानं जागा भरतील तेवढ्याच वेगानं पुढे सरकायचं. आमच्या सहा माणसांची पहिल्या वर्षाची मजल पाऊण एकर होती. लोक हसले.

गाजरगवत : पाऊस पडून गेल्यावर, माती ओली असताना, फुलायच्या आत. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत ते फुलतं आणि एक झाड हजारोंनी बी टाकतं. डाव्या हातानं भोवतालची माती दाबून धरा, उजव्यानं बुडाशी धरून सरळ वर ओढा. वाकडं ओढलं की मान तुटते आणि खालून पुन्हा फुटतं. निघालेल्या खड्ड्यावर टाच दाबा. बी वरच्या दोन बोटांतूनच जास्त उगवतं, खालची माती वर आणली की गाडलेलं बी तुम्हीच पेरता. म्हणून वखर नको, टिकास नको. हातमोजे आणि नाकातोंडावर रुमाल बांधूनच काम करा. या झाडानं अंगावर खाज, चट्टे येतात, काहींना दमा उठतो. ज्यांना एकदा त्रास झाला त्यांना दुसरं काम द्या. फूल नसलेलं गाजरगवत खड्ड्यात कुजवता येतं, फुललेलं नाही.

रानतुळस : सप्टेंबरच्या आत, तुरा येण्यापूर्वी. मूळ सहज निघतं. उशीर झाला तर उपटताना बी सगळीकडे झडतं.

रायमुनिया : वरून छाटली की दुप्पट फांद्या घेऊन येते. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी दाखवलेली रीत चांगली आहे. बुंध्याभोवतीची माती हातानं बाजूला करा, खोड जिथे संपून मूळ सुरू होतं ती जाड मान दिसेल. फुटवे त्या मानेतून येतात. मानेच्या खाली, जमिनीत दीड-दोन इंचांवर, कुदळीच्या पात्यानं मुख्य मूळ तोडा. झुडूप उचलून उलटं ठेवा, फांद्या खाली आणि मुळाचं टोक आभाळाकडे. सरळ ठेवलं तर ओल्या मातीत फांद्या मुळं धरतात. काळी फळं असतील तर आधी तोडून गोणीत घ्या. वाळलेली झुडपं कुपाटीला चालतात. हिरवा पाला गुरांसमोर पडू देऊ नका. तो खाल्ल्यानं त्यांना कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलवटते.

तपासणी : संध्याकाळी मागे वळून बघा. जमीन उकरलेली दिसते का? दिसत असेल तर उद्या हात हलका करा.

## टप्पा ६ : त्याच दिवशी झाका

उद्या नाही. जेवढं उपटलं तेवढं त्याच दिवशी भरायचं. म्हणून सकाळी उपटणी आणि दुपारी भरणी असे गट पाडा.

१. अ भागातून सकाळी घमेलंभर विरजण माती काढा. जागा बदलत राहा, एका ठिकाणी ओंजळीपेक्षा जास्त नको. ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवा. उन्हात तासभर उघडी राहिली तर नुसती माती उरते.

२. गवताचं बी, चाळलेली गाळाची माती, थोडं शेण आणि विरजण कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा. नुसतं बी वाऱ्यानं उडतं, मुंग्या नेतात.

३. गोळ्या टाकून पायानं हलकं दाबा. पेराभराहून खोल गाडू नका. ठोंबांच्या मुळाशी चिमूटभर विरजण ठेवा.

४. वरून बोटभर जाड आच्छादन. तुराट्यांचा भुसा उत्तम. त्यात कर्ब भरपूर, नत्र कमी. तो कुजवताना सूक्ष्मजीव मातीतलं मोकळं नत्र काही महिने स्वतःकडे अडकवून ठेवतात, आणि ज्या नत्रावर गाजरगवत उसळतं तेच त्याला मिळत नाही. उकिरड्याजवळच्या जागी हा थर दुप्पट करा. पिकात जो दोष तो इथे गुण.

सावधान : पऱ्हाटीचा (कपाशीच्या काड्यांचा) भुसा वापरायचा तर आधी प्रत्येक काडीवरची बोंडं काढून टाका. त्यांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते आणि ती शेजारच्या वावरात गेली तर दोष तुमच्यावर येईल.

सावधान : "गवताला जोर यावा" म्हणून डीएपी किंवा युरिया फेकू नका. स्फुरद आयतं मिळालं की गवत बुरशीला पोसणं कमी करतं, आणि नत्र तण उचलतं. तणनाशकाचा फवाराही इथे नको, तो शेजारचं गावरान गवतही घेऊन जातो.

## टप्पा ७ : एकवीस दिवसांची फेरी

पहिल्या दोन पावसाळ्यांत दर तीन आठवड्यांनी एक फेरी, कारण फुलायला चार आठवडे पुरतात. दोन माणसं, अर्धा दिवस. मोठ्या मोहिमेपेक्षा या कंटाळवाण्या फेऱ्यांनीच काम होतं.

पानांना भोकं पडलेलं गाजरगवत दिसलं तर उलटून बघा. पांढुरक्या पंखांवर काळ्या नागमोडी रेषांचे छोटे भुंगेरे असतील, मेक्सिकन भुंगेरे. ते मुद्दाम सोडलेले असतात आणि गाजरगवताची पानं खातात. अजून फुलली नसतील ती झाडं आठवडाभर राहू द्या, भुंगेऱ्यांना खाऊ द्या. फूल दिसलं की मात्र झाड काढा, भुंगेरे झटकून.

रायमुनियाची नवी रोपं मोकळ्यात शोधू नका. बुलबुल फळं खाऊन जिथे बसतात तिथे, म्हणजे पळस, बोर, तारेचे खांब यांच्याखाली ती सापडतात. वीतभर असताना दोन बोटांत निघतात, वर्षानं कुदळ लागते.

गवताला पहिल्या वर्षी विळा लावू नका. दुसऱ्या वर्षी बी झडल्यावर, जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा. मोकळी गुरं तिसऱ्या पावसाळ्यानंतर, तीही बी झडल्यावर आणि मोजकीच.

क भागाकडे वळायचं ते ब भागात चौकट टाकल्यावर वीसपैकी पंधरा वेळा अर्ध्याहून जास्त गावरान गवत मिळालं की. त्याच जुलैत मांजरपाटाचे तुकडे पुन्हा पुरा, त्याच खुंट्यांजवळ. आमच्या जेसीबीच्या बरडीतला तिसऱ्या वर्षीचा तुकडा एका कोपऱ्यातून खाल्लेला निघाला, रुपयाएवढा. पवन्याचे ठोंब तिथे अजून विरळच आहेत, आणि पळसाखालची फेरी या वर्षीही चुकलेली नाही.